स्क्रीनवरच्या उठाबशा, खुर्चीबाहेरची ओरड : एका स्पर्धेतलं प्रकरण

हे प्रकरण दर आठवड्याला भरणाऱ्या एका ऑफलाइन स्पर्धेतलं आहे. गेम स्ट्रीट फायटर ६, म्हणजे दोघांनी आपापलं पात्र घेऊन एकमेकांशी लढायचा व्हिडिओ गेम. खेळाडूंची ओळख राहू नये म्हणून दोघांना त्यांच्या पात्रांवरूनच ओळखू : एक गाइलवाला, दुसरा झांगिफवाला. स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि पंचांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे. पण खेळाडूंनीही वाचावं, कारण डिवचण्याची किंमत नेमकी कुठे मोजली जाते हे यात बऱ्यापैकी दिसतं.

पार्श्वभूमी

स्पर्धेला साधारण तीसेक जण येत. पद्धत डबल एलिमिनेशनची, म्हणजे पहिल्या पराभवानंतर लूझर्स ब्रॅकेटमध्ये (एकदा हरलेल्यांच्या फळीत) आणि दुसऱ्या पराभवानंतर घरी. टॉप ८ (शेवटचे आठ) पर्यंत तीन गेमचा सेट, त्यापुढे पाच गेमचा. प्रत्येक गेम दोन राउंड जिंकणाऱ्याचा. स्ट्रीमच्या (थेट प्रक्षेपणाच्या) टेबलावर एक कन्सोल, एक मॉनिटर आणि त्यासमोर शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. दोघांचे खांदे जवळजवळ लागतात इतपत अंतर. समालोचक चारेक मीटरवर बसत आणि त्यांचा आवाज हॉलमधल्या स्पीकरवरूनही सोडलेला असे, म्हणजे खेळणाऱ्यांनाही तो स्पष्ट ऐकू येई. हा तपशील आत्ताच लक्षात ठेवावा.

नियमावली एका पानाची. गेम पॉज झाला तर राउंड गमवायचा, हाक मारल्यावर दहा मिनिटांत आलं नाही तर बाद, वायरलेस कंट्रोलर खेळून झाल्यावर कन्सोलपासून तोडायचा, वगैरे. तांत्रिक बाजू चोख होती. वागणुकीबद्दल मात्र एकच ओळ : ‘सर्वांनी खिलाडूवृत्तीने खेळावे.’ अशी ओळ लिहायला सोपी असते. पंचाला ती वापरावी लागते तेव्हा तिच्यात धरायला काहीच नसतं.

गाइलवाला जुना खेळाडू. प्रतिस्पर्धी खाली पडला, किंवा के.ओ. झाला (मार खाऊन राउंड हरला), की पात्राला पटापट खाली-वर करायची त्याला सवय. म्हणजे उठाबशा. मित्रांमध्ये हा त्याचा ट्रेडमार्क मानला जाई आणि मित्रही त्याला तसंच परत करत. झांगिफवाला सहाएक महिन्यांपूर्वी यायला लागलेला, मेहनती, कमी बोलणारा. दोघांचं वैर असं काही नव्हतं. ओळखही फारशी नव्हती.

या जोडीचं गणित समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. गाइल हे चार्ज पात्र आहे. सॉनिक बूमसाठी (लांबून फेकायचा मार) मागची दिशा आणि समरसॉल्ट किकसाठी (उडी मारणाऱ्याला पाडणारी लाथ) खालची दिशा काही क्षण धरून ठेवावी लागते. त्यामुळे चांगला गाइल बहुतेक वेळ खाली-मागे धरून बसलेलाच असतो. झांगिफ पकडणारा, म्हणजे जवळ जाऊन उचलून आपटणारा. त्याची ताकद (किती मार सोसता येतो तो आकडा) ११,००० आणि गाइलची १०,०००, पण जवळ पोचल्याशिवाय त्या जादा ताकदीचा उपयोग नाही. गाइलकडे आघाडी असेल तर तो बूम टाकत बसून राहतो आणि झांगिफला एकेक पाऊल रांगत पुढे यावं लागतं. म्हणजे काहीही न डिवचता हा सामना झांगिफवाल्याच्या डोक्यात जातोच.

काय घडलं

सामना लूझर्स ब्रॅकेटमधला, जिंकणारा टॉप ८ मध्ये. सामना स्ट्रीमवर.

पहिल्या गेमच्या शेवटच्या राउंडमध्ये झांगिफचा ड्राइव्ह गेज (खास हालचालींसाठी खर्च होणारी पट्टी) संपून तो बर्नआउट या दुबळ्या अवस्थेत गेला, भिंतीशी अडकला. गाइलने ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका मारला. बर्नआउटमध्ये तो भिंतीजवळ नुसता ब्लॉक केला तरी पात्र स्टन होतं, म्हणजे काही क्षण हलू शकत नाही, तसं झालं. गाइलवाल्याने लगेच मारायच्या ऐवजी आधी चार-पाच उठाबशा काढल्या, मग कॉम्बो (एकाला एक जोडलेले मार) करून गेम संपवला. के.ओ.च्या पडद्यावर पुन्हा उठाबशा. समालोचक ओरडले, ‘इज्जत काढली!’ आणि हॉल हसला. गाइलवाल्याने मान वळवून शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. झांगिफवाला समोर बघत राहिला.

दुसऱ्या गेममध्ये झांगिफवाल्याचा खेळ बदललेला रेकॉर्डिंगमध्ये दिसतो. एरवी चालत पुढे येणारा हा खेळाडू आता बूमवरून उड्या मारू लागला आणि समरसॉल्ट किक खाऊ लागला. म्हणजे डिवचण्याचा डाव लागू पडला होता. तरीही राउंड एक-एक झाले. तिसऱ्या राउंडमध्ये गाइलची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती आणि झांगिफची चतुर्थांशाच्या खाली. झांगिफचा सुपर गेज (सर्वांत जोरकस चालींची पट्टी) पूर्ण भरलेला. ताकद २५ टक्क्यांच्या खाली गेली की लेव्हल ३ या सर्वांत मोठ्या सुपर चालीचं रूपांतर आणखी जोरदार क्रिटिकल आर्टमध्ये होतं, म्हणजे एका पकडीत गेम जाऊ शकतो. गाइलने पायझाड मारून त्याला पाडलं. इथे सरळ मार्ग मागे सरकून बूम टाकण्याचा होता. गाइलवाल्याने टॉन्टचं, म्हणजे पात्राकडून समोरच्याला चिडवून घेण्याचं, बटण दाबलं.

टॉन्टचा अ‍ॅनिमेशन एकदा सुरू झाला की ना ब्लॉक करता येतो ना उडी मारता येते. झांगिफ उठला, एक डॅश (झपकन पुढे सरकणं) घेतला आणि टॉन्ट संपायच्या आत गाइलला क्रिटिकल आर्टने उचलून आपटलं. के.ओ. गेम एक-एक.

पुढचे दहा सेकंद म्हणजे हे प्रकरण. झांगिफवाला खुर्ची मागे ढकलून उठला, गाइलवाल्याकडे वळला, त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाकून ओरडला, ‘अजून कर! कर ना अजून!’ आणि टेबलावर हात आपटला. मॉनिटर हलला. गाइलवाल्याच्या मांडीवरचा आर्केड स्टिक (जॉयस्टिकचा मोठा कंट्रोलर) घसरून जमिनीवर पडला आणि त्याची केबल निघाली. गाइलवाला उठून उभा राहिला. दोन प्रेक्षक मध्ये आले. गेम निकालाच्या पडद्यावर होता, म्हणून पॉजचा प्रश्न आला नाही. तेवढं नशीब.

पेच

पंचासमोर एका वेळी तीन गोष्टी होत्या. सेट अर्धवट होता, शेवटचा गेम खेळायचा बाकी होता. मागे ब्रॅकेट खोळंबलं होतं. आणि दोन्ही बाजूंना आपापल्या परीने बरोबर वाटेल असं म्हणणं होतं.

झांगिफवाल्याचं म्हणणं : ‘सुरुवात त्याने केली. पूर्ण गेमभर मला खिजवलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही.’ गाइलवाल्याचं : ‘मी गेममध्ये जे बटण दिलंय ते दाबलं. त्याची शिक्षाही गेममध्येच भोगली. हा माझ्या अंगावर आला.’

दोघांचीही वाक्यं खरी होती, आणि ‘खिलाडूवृत्ती’ची ओळ दोघांनाही सारखीच लागू पडत होती. पंचाने ती ओळ धरली असती तर दोघांना सारखी शिक्षा द्यावी लागली असती. झांगिफवाल्याचा राग समजण्यासारखा होता, पण पुढच्या आठवड्यात कुणी कुणावर हात उगारला तर हाच राग दाखला म्हणून पुढे आला असता.

विचारात घेतलेले पर्याय

पंच आणि मुख्य आयोजक बाजूला जाऊन बोलले. त्यांच्यासमोर आलेल्या सूचना त्याच रात्रीच्या आणि पुढच्या आठवड्यातल्या बैठकीतल्या आहेत. इथे एकत्र घेतल्या आहेत.

पहिली सूचना दोघांनाही बाद करण्याची. ती लगेच मागे पडली. नियम लिहिलेला नसताना सेटमधून काढणं म्हणजे मनमानी, आणि गाइलवाल्याने लिहिलेला कुठलाच नियम मोडला नव्हता.

दुसरी सूचना काहीच न करण्याची. ‘फायटिंग गेममध्ये हे चालायचंच, आर्केडपासून चालत आलंय.’ यात थोडं तथ्य आहे, पण जपानी आर्केडमध्ये मशीन पाठीला पाठ लावून ठेवत. समोरचा दिसत नसे, डिवचणं पडद्यातच राहत असे. एकाच मॉनिटरसमोर खांद्याला खांदा लावून बसलेल्यांना ती आड मिळत नाही.

तिसरी सूचना सर्वांत लोकप्रिय होती, आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ गेला : स्पर्धेत टॉन्टवर आणि उठाबशांवर सरसकट बंदी.

बंदी ऐकायला स्वच्छ वाटते. पण हीच मंडळी महिन्यातून एकदा जुन्या गेम्सच्याही स्पर्धा भरवत, आणि तिथे बंदी घालायची तर खेळच बदलतो. १९९२ च्या आर्ट ऑफ फायटिंगमध्ये टॉन्ट मारला की प्रतिस्पर्ध्याचा स्पिरिट गेज (खास चालींसाठी लागणारी शक्ती) कमी होतो, म्हणजे ते सरळ सरळ हत्यार आहे. १९९९ च्या स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइकमध्ये क्यू नावाच्या पात्राची टॉन्टमधून बचावशक्ती वाढते, तीन वेळांपर्यंत. क्यू खेळणारा माणूस समोरच्याला पाडून लगेच टॉन्ट मारतो तेव्हा त्याला कुणी उद्धट म्हणत नाही, कारण तसं न करणारा क्यू अर्धा खेळाडू आहे. टेक्केन या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये ब्रायन फ्युरी या पात्राचा टॉन्ट ब्लॉक करता येत नाही. तो लागल्यावर अचूक फ्रेमवर जेट अपर (त्याचा एक ठोसा) काढणं हे त्या पात्राचं सर्वांत अवघड आणि सर्वांत कौतुकाचं कसब आहे. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, तेव्हा यात माज किती आणि रियाज किती हे सांगायला नको. दुसऱ्या टोकाला १९९५ च्या स्ट्रीट फायटर अल्फामध्ये आलेला डॅन हिबिकी. तो टॉन्टसाठीच जन्माला आलेला विनोद आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की बटण बंद केलं तरी डिवचणं बंद होत नाही. सुपर स्मॅश ब्रदर्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळताना टॉन्ट बंद ठेवलेले आहेत. परिणाम? तिथे लोक उठाबशा काढतात. उठाबशा रोखायच्या तर खाली बसण्याची दिशाच काढून टाकावी लागेल.

आणि उठाबशा ओळखायच्या कशा? हा प्रश्न बैठकीत हलका वाटला, पण पंचगिरी करणाऱ्यांसाठी तोच गाभा आहे. गाइल खाली बसलेला असतो तो चार्ज धरून. खाली-मागे वरून नुसतं मागे आला तर सॉनिक बूमचा चार्ज टिकतो, खालचा जातो. तो जागेवर मोकळा सोडून उभा राहिला तर दोन्ही चार्ज जातात. म्हणून गाइल एकदा-दोनदा उठला आणि लगेच बूम सुटला, तर ती हालचाल खेळाची असते. तो सलग चार-पाच वेळा उठला-बसला आणि काहीच सुटलं नाही, तर त्यामागे तांत्रिक कारण नाही. बचाव करतानाही लोक पटापट उभं-बसणं बदलतात, कारण वरचा आणि खालचा मार वेगवेगळ्या वेळेला येतो आणि तो अशा बदलाने झेलता येतो. टेक्केनमध्ये तर मागे सरकण्याची सगळी कला डॅश आणि बसणं यांच्या साखळीवर उभी आहे. स्ट्रीमच्या रेकॉर्डिंगवर खेळाडूचे इनपुट (कुठली दिशा, कुठलं बटण दाबलं ते) दिसत नव्हते. म्हणजे पंचाला पडद्यावरच्या हालचालीवरून हेतू ओळखावा लागला असता, तोही चालू सामन्यात. असा नियम पाचव्या सामन्यातच भांडण लावतो.

चौथी सूचना एका जुन्या खेळाडूची, आणि ती विचारात पाडणारी होती. तो म्हणाला, चालू राउंडमध्ये टॉन्ट मारणाऱ्याला किंमत मोजावी लागते : मिळालेला दबाव सोडावा लागतो आणि मध्येच मार बसू शकतो. तिथे बंदी नको. के.ओ. झाल्यानंतर मात्र समोरचा काही करू शकत नाही, म्हणून तेव्हाचं डिवचणं फुकट आहे. फुकटचं तेवढं बंद करा. गाइलवाल्याला दुसऱ्या गेममध्ये जे झालं ते याचंच उदाहरण. मोठ्या व्यासपीठावरचं उदाहरणही उपलब्ध आहे : इव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत, २०१५ मध्ये, गिल्टी गिअर झर्ड या गेमच्या टॉप ८ मध्ये वोशिगे हा खेळाडू सामना जिंकला असं समजून खुर्चीतून उठून जल्लोष करू लागला. सामना संपलेला नव्हता, आणि प्रतिस्पर्धी ओगावाने त्याच्या मोकळ्या पात्राला मारून राउंड घेतला. तिथे पंचाला काही करावंच लागलं नाही.

युक्तिवाद देखणा असला तरी नियम म्हणून तो टिकेना. के.ओ.नंतर खेळाडूंची बोटं लगेच थांबत नाहीत. अर्धवट कॉम्बो चालू राहतो, सवयीने बटणं दाबली जातात, कुणी पुढच्या राउंडचा विचार करत दिशा हलवत असतो. पुन्हा हेतू ओळखण्याचंच काम.

पाचवी सूचना पंचाची स्वतःची : पडद्यातलं पडद्यात राहू द्या, आणि पडद्याबाहेरचं पूर्ण बांधून टाका.

निर्णय आणि अंमल

त्या रात्रीचा निर्णय चार मिनिटांत घ्यावा लागला. पंचाने हेतूचा प्रश्न बाजूला ठेवला आणि दिसलेल्या गोष्टींवरच बोट ठेवलं. सेट संपण्याआधी खुर्ची सोडणं, प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या टप्प्यात येऊन ओरडणं, टेबलावर हात आपटून दुसऱ्याचं सामान पाडणं. हे तिन्ही झांगिफवाल्याकडून घडलं होतं. त्याला औपचारिक ताकीद देण्यात आली आणि पुन्हा घडलं तर सेट जाईल हे स्पष्ट सांगितलं. गेम काढून घेतला नाही. लिहिलेला नियम नसताना गेम काढणं सामन्याच्या निकालात हात घालणं ठरलं असतं, आणि स्टिक तपासल्यावर तो चालू निघाला होता.

गाइलवाल्याला शिक्षा नाही. मात्र पंच त्याला एकट्याला म्हणाला, ‘पडद्यावर काय करतोस ते तुझं. पण वळून त्याच्या तोंडाकडे बघणं आता थांबव.’ हे नियमाच्या जोरावर नव्हतं, विनंती होती, आणि त्याने ती ऐकली.

बोलण्याचा क्रमही महत्त्वाचा ठरला. पंच आधी झांगिफवाल्याकडे गेला, आणि निर्णय सांगण्याआधी त्याला पाणी देऊन दोन मिनिटं बोलू दिलं. ज्याला शिक्षा होणार आहे त्याचं म्हणणं आधी ऐकलं तर शिक्षा पचते. दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणायचा मोह अनेकांना होतो. पंचाने तो टाळला आणि ते बरं केलं. जबरदस्तीच्या हस्तांदोलनातच पुढचं वाक्य निसटतं.

शेवटचा गेम स्ट्रीमवरून हलवून बाजूच्या टेबलावर घेतला. तिथे दोन मॉनिटर एका स्प्लिटरवर (एकच चित्र दोन मॉनिटरना देणारी जोडणी) लावलेले होते, म्हणून खुर्च्यांमध्ये मीटरभर अंतर मिळालं. स्प्लिटर आणि दोन वेगळे मॉनिटर वापरताना एका बाजूला विलंब जास्त नाही ना, हे आधी तपासावं लागतं. नाहीतर शांततेसाठी केलेल्या सोयीतून नवीन तक्रार उभी राहते. इथे दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे होते आणि दोघांनी मिनिटभर खेळून पाहून होकार दिला.

गाइलवाल्याने तो गेम एकही उठाबशी न काढता जिंकला. झांगिफवाला सामान आवरून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात नियमावलीत नवीन भाग आला. शब्द साधे ठेवले : ‘गेममध्ये बटण दाबून जे करता येतं ते करायला मोकळीक आहे. हात, तोंड, खुर्ची आणि समोरच्याचं सामान हा गेमचा भाग नाही.’ मग तपशील. सेट संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. सेट संपल्यावर उठा, ओरडा, नाचा, पण तोंड प्रेक्षकांकडे आणि प्रतिस्पर्ध्यापासून किमान हातभर लांब. जात, धर्म, लिंग, रंग, शरीर यांवरून काढलेला एक शब्दही थेट स्पर्धेबाहेर, ताकीद नाही. बाकी गोष्टींना पायऱ्या : ताकीद, मग गेम, मग सेट, मग त्या दिवसापुरती बंदी. समोरच्याचं सामान पाडलं तर पहिली पायरी गाळून थेट गेम. ताकीद ब्रॅकेटच्या नोंदीत लिहायची, म्हणजे दुसऱ्या टेबलावरच्या पंचालाही ती दिसते.

समालोचकांचा आवाज हॉलच्या स्पीकरवरून काढला, फक्त स्ट्रीमला ठेवला. बहुतेक खेळाडूंच्या मते सगळ्या बदलांत सर्वांत जास्त फरक याने पडला. समोरच्याने डिवचलं तर माणूस एकवेळ गिळतो. त्यावर हॉल हसला की गिळता येत नाही.

पुढे काय झालं

झांगिफवाला दोन आठवडे आला नाही, तिसऱ्या आठवड्यात आला. गाइलवाल्याशी पुन्हा सामना पडला. गाइलने टॉन्ट मारला, झांगिफने पुढच्या राउंडमध्ये परत मारला, दोघं खुर्चीत बसून राहिले. सामना कोण जिंकलं याला इथे महत्त्व नाही. नंतरच्या दोन महिन्यांत खुर्ची सोडण्यावरून दोन ताकिदी गेल्या, दोन्ही नेमक्या या नियमाखाली, आणि दोन्ही वेळा वाद झाला नाही. खुर्ची सोडली की नाही हे सगळ्यांना दिसतं.

एक गोष्ट मात्र या नियमाने सुटली नाही, आणि ती प्रकरणात सुरुवातीपासून होती पण कुणाच्या लक्षात आली नव्हती. नोंदी चाळताना आयोजकांना दिसलं की पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेनंतर परत न आलेल्यांपैकी काही जण पूलमध्ये (सुरुवातीच्या गटांत) गाइलवाल्याकडून शून्य-दोन हरले होते. त्यातल्या एकाशी बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, हरणं ठीक होतं, पण बटणंही नीट माहीत नसलेल्यासमोर उठाबशा कशाला? इथे नियमाचं टोक बोथट होतं. तुल्यबळ खेळाडूंमध्ये टॉन्टची किंमत गेममध्ये वसूल होते, कारण समोरचा ती वसूल करू शकतो. नवखा ती वसूल करू शकत नाही. तिथे टॉन्ट फुकट आहे, मग राउंड चालू असो की नसो.

यावर नियम केला नाही. ‘नवखा’ कोण हे ठरवण्यापेक्षा आयोजकाने गाइलवाल्याला आणि आणखी दोन जुन्या खेळाडूंना बाजूला घेऊन तो नवखा काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं, नाव न घेता. शिवाय पूलमध्ये पहिल्यांदा आलेल्याला हरवणाऱ्याने नंतर त्याच्याशी दोन मैत्रीचे गेम खेळायचे, असा रिवाज पाडायचा प्रयत्न सुरू केला. रिवाज रुळायला वेळ लागतो. गाइलवाल्याच्या उठाबशा पूलमध्ये कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली संधी पहिल्या गेमनंतर होती. पात्र निवडीच्या पडद्यावर पंधरा-वीस सेकंद मिळतात. पंच टेबलाशेजारी उभा असता तर ‘दोघंही बसूनच खेळा रे’ एवढं हसत म्हणणं पुरलं असतं. तो तेव्हा पुढच्या सामन्याला हाक मारत होता. ब्रॅकेट चालवणारा आणि स्ट्रीम टेबलाचा पंच एकच असेल तर हे होणारच. दुसरा माणूस हवा, निदान टॉप ८ च्या आसपासच्या सामन्यांना.

झांगिफवाल्याच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत महाग पडलेली गोष्ट ओरडणं नव्हती, त्याआधीच्या उड्या होत्या. डिवचलं गेल्यावर अंगात येणारी पहिली चूक म्हणजे लवकर पोचायची घाई. गाइलसमोर घाई म्हणजे उडी आणि उडी म्हणजे समरसॉल्ट किक. उठाबशा दिसल्या की पुढच्या बूमपर्यंत फक्त ब्लॉक धरायचा, एवढा एकच ठराव आधी करून बसलेला खेळाडू यातून सुटतो. राउंडमधल्या मोकळ्या क्षणात बटणांवरून बोटं उचलून एक श्वास घेणंही चालतं, फक्त पॉजचं बटण लागणार नाही याची काळजी घेऊन.

गाइलवाल्याने टॉन्ट मारायचाच होता तर गेज तरी बघायला हवा होता. समोरच्याचा सुपर भरलेला, ताकद चतुर्थांशाखाली, आणि पात्र पकडणारं. पहिल्या गेममधल्या स्टनमध्ये उठाबशा काढणं सुरक्षित होतं. पायझाडीनंतर तसं नव्हतं, कारण पडलेला माणूस सेकंदाभरात उठतो.

आयोजकांकडून एक गोष्ट चुकली ती नंतरची. दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्याच खात्यावरून पहिल्या गेममधल्या उठाबशांची क्लिप हसऱ्या मथळ्यासकट टाकली गेली. टाकणाऱ्याला पुढचं माहीतच नव्हतं, तो लवकर घरी गेला होता. क्लिप दुपारी काढली, पण तोवर झांगिफवाल्याला ती चार जणांनी पाठवली होती. त्याच्या दोन आठवड्यांच्या गैरहजेरीचं कारण ताकीद होती की ही क्लिप, असं त्याला नंतर विचारलं तेव्हा त्याने क्लिपचंच नाव घेतलं. आता ज्या सामन्यात ताकीद दिली गेली त्याची क्लिप दोन्ही खेळाडूंना विचारल्याशिवाय टाकत नाहीत, आणि ताकिदीच्या नोंदीत त्यासाठी एक वेगळा रकाना आहे.